सर्व्हर सकाळीच का बसतो? बडोद्यातील एका मराठी ग्रंथालयाच्या डेटा आयातीचे प्रकरण

बडोद्याच्या जुन्या भागातील एका मराठी ग्रंथालयाची ऑनलाइन पुस्तक-तालिका काही महिने वारंवार बंद पडत होती. दर वेळी ती पुस्तकांची यादी आयात करतानाच बंद पडत असे. सर्व्हरची देखभाल करणाऱ्या संस्थेने मेमरी दुप्पट करण्याचा सल्ला दिला होता, आणि वर्गणीवर चालणाऱ्या ग्रंथालयासाठी तो खर्च दरमहा जाणवणारा होता. निर्णय घेण्याआधी कारण तपासावे, असे कार्यकारिणीने ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. अशा अडचणी लहान संस्थांमध्ये नेहमी येतात आणि बहुतेक ठिकाणी त्या मेमरी विकत घेऊन पुढे ढकलल्या जातात, म्हणून हे प्रकरण तपशीलवार मांडत आहे.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची व्यवस्था लावली. ग्रंथालयांचा असा वारसा असलेल्या शहरात जुन्या नोंदवह्यांना मोल आहे, आणि या ग्रंथालयानेही त्यांतला एकही रकाना गाळलेला नाही. दाखल क्रमांक, जुना वर्गांक, नवा वर्गांक, शीर्षक, लेखक, संपादक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठसंख्या, किंमत, देणगीदार असे करत एका पुस्तकाचे २२ रकाने होतात. स्वयंसेवक या नोंदी एक्सेलमध्ये उतरवत होते. दर आठवड्याला नवीन ओळी शेवटी जोडून संपूर्ण फाइल पुन्हा संकेतस्थळावरून चढवली जाई, आणि प्रणालीने आधीच्या नोंदी ओळखून फक्त नव्या नोंदी घ्याव्यात अशी अपेक्षा होती. तपासाच्या वेळी फाइलमध्ये सुमारे ३१,००० पुस्तके होती.

सर्व्हर म्हणजे भाड्याने घेतलेले ४ जीबी मेमरीचे आभासी यंत्र होते. त्यावर उबुंटू २२.०४ (लिनक्स प्रणाली), एनजिनएक्स (ब्राउझरच्या विनंत्या घेणारा वेब सर्व्हर), पीएचपी ८.१ (संकेतस्थळाचा कोड या भाषेत होता) आणि मारियाडीबी १०.६ (डेटाबेस) अशी नेहमीची मांडणी होती. स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा, अजिबात नव्हता. भाड्याच्या यंत्रांवर तो बहुधा आपणहून लावलेला नसतो. डेटाबेसच्या बफर पूलला, म्हणजे वाचलेला डेटा मेमरीत धरून ठेवण्याच्या जागेला, २ जीबी नेमून दिले होते. पुस्तकांच्या मुखपृष्ठांची स्कॅन केलेली चित्रेही डेटाबेसमध्येच ठेवलेली असल्याने डेटाबेसचा आकार ३ जीबीच्या पुढे गेला होता. हा तपशील सुरुवातीला दुय्यम वाटला, पण पुढे त्याचे महत्त्व लक्षात आले.

वहीतल्या वेळा

कोणताही लॉग, म्हणजे यंत्राने आपोआप लिहिलेली नोंद, उघडण्यापूर्वी मी ग्रंथपाल बाईंशी बोललो. त्यांनी एका वाक्यात सांगितले, "सकाळी फाइल टाकली की सर्व्हर बसतो, कार्यवाहांनी तो परत सुरू केला की दुपारी तीच फाइल नीट जाते." त्यांच्याकडे एक वही होती. फाइल कधी चढवली, पडद्यावर काय दिसले आणि सर्व्हर पुन्हा कधी सुरू झाला, हे त्यांनी दाखल नोंदवहीच्याच शिस्तीने लिहून ठेवले होते. संपूर्ण तपासात या वहीइतका उपयोगी दुसरा कागद मला मिळाला नाही. यंत्र काय करते हे लॉग सांगतो. माणसाने त्या वेळी काय केले हे त्यात फार थोडे सापडते.

सकाळी वाचकांची गर्दी असते आणि तो भार सर्व्हरला पेलत नाही, असे सर्वांनी गृहीत धरले होते. एनजिनएक्सच्या नोंदींनी ते लगेच खोटे ठरवले, कारण सकाळच्या तासाभरात तालिका पाहणारे वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्याहून बोलकी गोष्ट वहीतच होती. एका आठवड्यात बाई सकाळी रजेवर होत्या आणि त्यांनी पहिल्यांदाच थेट दुपारी फाइल चढवली. त्या दिवशी सर्व्हर दुपारीही बसला. ही एक नोंद इतर सर्व नोंदींच्या विरुद्ध जाणारी होती, आणि तिनेच तपासाची दिशा ठरवली. दोष वेळेचा असता तर दुपारची आयात त्या दिवशीही यशस्वी व्हायला हवी होती. ती झाली नाही, याचा अर्थ सर्व्हर नुकताच सुरू झालेला असणे आणि बराच काळ चालू असणे यांतला फरक निर्णायक होता.

कर्नलची साक्ष

लिनक्समध्ये मेमरी पूर्ण संपली आणि कुठूनही मोकळी करता आली नाही, की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एखादी प्रक्रिया (चालू प्रोग्राम) स्वतः मारून यंत्र वाचवतो. या यंत्रणेला ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर म्हणतात. तिने कोणाला मारले आणि त्या क्षणी कोणती प्रक्रिया किती मेमरी घेऊन बसली होती, याचा संपूर्ण तक्ता कर्नलच्या लॉगमध्ये उमटतो. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही जर्नलमधून, म्हणजे प्रणालीच्या नोंदसंग्रहातून, आधीच्या सत्रातील कर्नलच्या नोंदी मागवता येतात, आणि मी तेच केले.

वहीतील वेळा आणि लॉगमधील वेळा प्रथम जुळेनात. वहीत सकाळी १०.५२ ला सर्व्हर बसल्याची नोंद होती, लॉगमध्ये ५.२२ ची. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. हा फरक मिळवल्यावर प्रत्येक घटना मिनिटाला जुळली.

सकाळच्या घटनांच्या पहिल्या ओळीत पीएचपीच्या प्रक्रियेने ओओएम किलरला पाचारण केल्याचे लिहिले होते, आणि शेवटच्या ओळीत मारियाडीबीला मारल्याचे. देखभाल करणाऱ्या संस्थेने फक्त शेवटची ओळ वाचली होती. डेटाबेस मेला, म्हणजे डेटाबेसला मेमरी कमी पडली, असा तिचा निष्कर्ष होता. या निष्कर्षाशी मी सहमत नव्हतो. कर्नल बळी निवडताना मुख्यतः एवढेच पाहतो की आत्ता सर्वांत जास्त मेमरी कोणाकडे आहे. ती मेमरी योग्य कारणासाठी आहे की अयोग्य, आणि तुटवडा नेमका कोणामुळे आला, हे तो पाहत नाही. शांतपणे आपले काम करणारा मोठा डेटाबेस आणि भराभर फुगणारी पण अजून त्याच्याहून लहान असलेली पीएचपी प्रक्रिया शेजारी असतील, तर मार डेटाबेसलाच बसतो.

तक्ता वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यातील प्रत्यक्ष मेमरीचा आकडा केबीत नसतो, ४ केबीच्या पानांत, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांत, असतो. मारियाडीबीसमोर सुमारे ६ लाखांचा आकडा होता. तो ६०० एमबी समजला तर सगळे गणित चुकते. ६ लाख पाने म्हणजे २.३ जीबी. पीएचपीच्या एका प्रक्रियेसमोर सुमारे २ लाख ८८ हजार पाने, म्हणजे १.१ जीबी होती. उरलेल्या सर्व प्रक्रिया आणि कर्नल मिळून ०.४ जीबीच्या आसपास. बेरीज ३.८ जीबी होते आणि ४ जीबीच्या या यंत्रात वापरायला तेवढीच मेमरी मिळते. पुस्तकांची यादी वाचणारी एकच पीएचपी प्रक्रिया १ जीबीच्या वर का जाते, आणि ती १.१ वर अडली नसती तर कुठवर गेली असती, हे दोन प्रश्न आता समोर होते.

डेटाबेस मेल्यावर पीएचपीची प्रक्रियाही थोड्याच वेळात जोडणी तुटल्याच्या त्रुटीने संपत असे आणि तिची मेमरी मोकळी होई. त्यामुळे कोणी सर्व्हरवर पाहायला येईपर्यंत तिथे मुबलक मेमरी मोकळी दिसे, आणि "मेमरी तर भरपूर आहे" हे वाक्य पत्रव्यवहारात पुन्हा पुन्हा येत राहिले. घटना घडून गेल्यावर पाहिलेल्या मोकळ्या मेमरीच्या आकड्यावर कोणताही निष्कर्ष काढू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

दोन ओळी

आयात करणाऱ्या कोडच्या अगदी सुरुवातीला दोन ओळी होत्या. एकीने पीएचपीची मेमरी-मर्यादा उणे एक, म्हणजे अमर्याद केली होती; दुसरीने वेळेची मर्यादा शून्य, म्हणजे तीही काढून टाकली होती. जुना पत्रव्यवहार पाहिला तेव्हा त्यांचा उगम कळला. प्रकल्पाच्या सुरुवातीला फाइल काही हजार ओळींवर गेली, तेव्हा पीएचपीने १२८ एमबीची नेहमीची मर्यादा संपल्याची स्पष्ट त्रुटी दाखवून आयात थांबवली होती. त्या वेळी तालिका चालूच राहिली, डेटाबेस चालूच राहिला, फक्त त्या एका आयातीला नकार मिळाला. त्यावर उपाय म्हणून मर्यादाच काढण्यात आली. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी जाड तार बसवण्यासारखे हे आहे: दोष तसाच राहतो आणि जळते ते दुसरेच काहीतरी. माझ्या मते या प्रकरणातील मूळ बिघाड हाच होता आणि बाकी सर्व कारणे त्याच्या आधाराने वाढली.

मर्यादा निघाल्यावर कोड किती मेमरी मागतो, हे मोजणे सोपे होते. फाइल वाचण्यासाठी पीएचपी-स्प्रेडशीट हे प्रचलित ग्रंथागार (तयार कोडचा संच) वापरले होते. ते संपूर्ण पत्रक मेमरीत उभे करते, आणि त्याच्या दस्तऐवजातच म्हटले आहे की ६४-बिट पीएचपीवर एका चौकटीला (सेलला) सरासरी १.६ केबी लागतात. ३१,००० ओळी आणि २२ रकाने धरले तर ६ लाख ८२ हजार चौकटी होतात आणि त्यांना १ जीबीहून थोडे अधिक लागायला हवे. चाचणी यंत्रावर मात्र वापर त्याच्या कितीतरी पुढे जात होता.

मग फाइलच उघडून पाहिली. एक्सेलची फाइल ही खरे तर एक्सएमएल मजकुराची झिप असते, त्यामुळे ती उलगडून आतला मजकूर साध्या संपादकात वाचता येतो. शेवटच्या पुस्तकाच्या खाली हजारो ओळी अशा होत्या की ज्यांत मजकूर काहीच नव्हता, पण प्रत्येक चौकटीची नोंद होती. स्वयंसेवकांच्या सोयीसाठी कोणीतरी पुढच्या रिकाम्या जागेवर आधीच रेघा आखून ठेवल्या होत्या, थेट ४८,००० व्या ओळीपर्यंत. किनार आखलेली रिकामी चौकट फाइलमध्ये स्वतंत्र नोंद म्हणून साठवली जाते आणि वाचणारा कोड तिलाही चौकट म्हणूनच मेमरीत उभी करतो. त्या १७,००० ओळींच्या पावणेचार लाख रिकाम्या चौकटींवर जवळजवळ ६०० एमबी खर्ची पडत होते. यात रेघा आखणाऱ्याचा दोष मी मुळीच मानत नाही. नोंदवहीची पाने आधी आखून ठेवणे ही ग्रंथालयातली चांगली सवय आहे, आणि प्रणाली अशा सवयी गृहीत धरूनच बांधली गेली पाहिजे.

सर्व चौकटी मिळून १.६ जीबी. त्यावर कोड संपूर्ण पत्रकाची दुसरी प्रत साध्या रचनेत करत होता, जुळणी तपासण्यासाठी डेटाबेसमधील सर्व पुस्तकांची यादीही एकदम मेमरीत आणत होता, आणि प्रत्येक ओळीचा निकाल शेवटी दाखवण्यासाठी साठवत होता. मोजणीत शिखर २ जीबीच्या थोडे अलीकडे आले.

देवनागरीवरही संशय घेतला गेला होता, म्हणून त्याचाही हिशेब केला. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्ण-चिन्हाला ३ बाइट लागतात. 'ग्रंथालय' या शब्दात जोडाक्षराचा हलन्त, अनुस्वार आणि काना धरून ८ चिन्हे आहेत, म्हणून तो २४ बाइटचा होतो. इंग्रजी अक्षरांच्या तिप्पट हे खरे, परंतु एका पुस्तकाचा सगळा मजकूर १ केबी धरला तरी ३१,००० पुस्तकांचा मजकूर ३१ एमबीच्या आसपासच भरतो. मेमरी खाणारी गोष्ट चौकटींभोवतीची रचना होती, त्यांतली मराठी अक्षरे नव्हती. मराठी नोंदी इंग्रजीत लिप्यंतर करून भराव्यात, अशी सूचना या निमित्ताने आली होती. ती या आकड्यांपुढे टिकली नाही याचे मला समाधान आहे.

सकाळ आणि दुपार

आता सकाळ-दुपारचा उलगडा झाला. बफर पूलला २ जीबी नेमून दिले तरी मारियाडीबी ती मेमरी सुरुवातीलाच प्रत्यक्ष व्यापत नाही; डेटाबेसची पाने जसजशी वाचली जातात तसतशी ती भरते. यंत्र नुकतेच सुरू झालेले असताना मारियाडीबी ०.४ जीबीवर असे. अशा वेळी आयातीसाठी ३ जीबी मोकळे असत आणि २ जीबीची आयात सुखरूप पार पडे.

बफर पूल भरण्याचे काम रोजचा बॅकअप करत होता. बॅकअप घेताना सर्व तक्ते, त्यांतली मुखपृष्ठांची चित्रेही, आरंभापासून शेवटपर्यंत वाचली जातात. ३ जीबीहून मोठा डेटाबेस एकदा संपूर्ण वाचला की २ जीबीचा पूल काठोकाठ भरतो, आणि भरलेला पूल आपणहून रिकामा होत नाही. हा बॅकअप रात्री २.३० ला लावला आहे अशी सर्वांची समजूत होती. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर असल्याने तो प्रत्यक्षात आपल्या सकाळी ८ वाजता चालत होता, ग्रंथालय उघडण्याच्या थोडाच आधी. अर्थात तो खरोखर रात्री चालला असता तरी सकाळपर्यंत पूल भरलेलाच राहिला असता, म्हणून केवळ वेळ बदलून हा प्रश्न सुटला नसता.

सकाळी पूल भरलेला, आयात सुरू, डेटाबेसचा बळी; कार्यवाह होस्टिंगच्या पॅनेलवरून यंत्र पुन्हा सुरू करत, पूल रिकामा होई आणि दुपारची आयात यशस्वी ठरे. दुपारचे यश सकाळच्या अपयशातून जन्माला येत होते. ज्या दिवशी सकाळचा प्रयत्न झाला नाही, त्या दिवशी दुपारीही पूल भरलेलाच होता, म्हणून वहीतली ती एकटी नोंद.

वहीत आणखी एक प्रकार होता. कधीकधी यंत्र पुन्हा सुरू केल्यानंतरही आयात फसे, आणि त्या वेळी डेटाबेस जिवंत असूनही संपूर्ण तालिकेवर ५०२ ही त्रुटी (एनजिनएक्सला पीएचपीकडून उत्तर न मिळाल्याची) दिसे. त्या दिवसांच्या नोंदींत बाईंनी लिहिले होते: "एक मिनिटाने ५०४ आले. पुन्हा टाकली." एनजिनएक्स पीएचपीच्या उत्तराची वाट ६० सेकंद पाहतो आणि मग ब्राउझरला ५०४ देऊन मोकळा होतो. पीएचपीला मात्र ब्राउझर निघून गेल्याचे काही लिहून पाठवायला जाईपर्यंत कळतच नाही. वेळेची मर्यादाही काढलेली असल्याने पहिली आयात आत निवांत चालू राही, आणि दुसऱ्यांदा फाइल चढवली की तिच्या शेजारी दुसरी आयात उभी राही. दोघींना मिळून पावणेचार जीबीच्या आसपास हवे आणि मोकळे ३ जीबी. या वेळी सर्वांत मोठी प्रक्रिया पहिली आयात असल्याने कर्नल तिला मारे. पुढे सिस्टमडी, म्हणजे सेवा सुरू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा, आपल्या नेहमीच्या धोरणानुसार, जिच्यातील एक प्रक्रिया ओओएमने मारली गेली ती संपूर्ण पीएचपी सेवाच थांबवे. एकाच आजाराची ही दोन लक्षणे होती, पण त्यांना दोन वेगळे आजार समजून दोन वेगळ्या तक्रारी नोंदवल्या गेल्या होत्या.

हे सर्व अनुमानावर सोडले नाही. त्याच मापाचे दुसरे यंत्र काही काळासाठी घेतले, त्यावर बॅकअपमधून डेटाबेस उभा केला आणि प्रत्येक सेकंदाला प्रक्रियांची मेमरी नोंदवत तीनही प्रसंग पुन्हा घडवले. बॅकअप चालवून एक आयात केली तेव्हा मारियाडीबी मेला. यंत्र ताजे असताना एक आयात पार पडली. ताज्या यंत्रावर दोन आयाती केल्या तेव्हा पीएचपी मेला. मेमरी दुप्पट केली असती तर काय झाले असते, हेही या आकड्यांवरून सांगता येते. ८ जीबीत एक किंवा दोन आयाती मावल्या असत्या, तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर तोच प्रसंग आला असता. शिवाय फाइल दर आठवड्याला वाढत होतीच.

काय बदलले

सर्वप्रथम मर्यादा परत आणली. संकेतस्थळासाठी पीएचपीची मेमरी २५६ एमबीवर बांधली आणि कोडमधल्या त्या दोन ओळी काढल्या. यामुळे आयात काही दिवस पूर्णपणे बंद राहिली. ग्रंथालयाने ते मान्य केले, कारण तालिका वाचकांसाठी अखंड चालू राहणे अधिक महत्त्वाचे होते. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी इतरांना होणारी इजा थांबवावी, मग आयात दुरुस्त करावी.

फाइल वाचण्यासाठी ओपनस्पाऊट हे ग्रंथागार घेतले. ते पत्रक एकेक ओळ करून वाचते आणि वाचलेली ओळ सोडून देते. एक्सेलच्या फाइलमधील मजकूर बहुधा एका सामायिक सूचीत साठवलेला असतो, आणि ती सूची मात्र संपूर्ण लागते. ती मेमरीत ठेवायची की तात्पुरत्या फाइलींत, हे ओपनस्पाऊट पीएचपीची मेमरी-मर्यादा पाहून ठरवते. मर्यादा अमर्याद दिसली तर ते तिच्यावर विश्वास ठेवत नाही आणि मोठी सूची तात्पुरत्या फाइलींतच ठेवते. 

फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) करून द्यावी, हा सोपा पर्याय मी मुद्दाम टाळला. एक्सेलमधून सीएसव्ही जतन करताना यूटीएफ-८चा प्रकार नेमका निवडला नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि निवडला तर फाइलच्या आरंभी तीन अदृश्य बाइट येऊन पहिल्या रकान्याचे नाव ओळखले जात नाही. ही जबाबदारी दर आठवड्याला स्वयंसेवकांवर टाकणे मला योग्य वाटले नाही. यंत्राची अडचण यंत्राच्या बाजूनेच सुटावी.

आयात संकेतस्थळाच्या विनंतीतून बाहेर काढली. बाई फाइल चढवतात, संकेतस्थळ ती जपून ठेवते आणि लगेच पोच देते. प्रत्यक्ष आयात पार्श्वभूमीवरची वेगळी सेवा करते आणि किती ओळी झाल्या ते पडद्यावर दिसत राहते. एक आयात चालू असताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून डेटाबेसमध्ये नामांकित कुलूप घेतले जाते. या सेवेला सिस्टमडीमधून ४०० एमबीची कमाल मर्यादा घातली आहे, त्यामुळे काहीही बिघडले तरी मरण त्या सेवेपुरतेच राहील. इथे एक खाचखळगा आहे. उबुंटूवर आदेश-ओळीतून चालणाऱ्या पीएचपीची मर्यादा मुळातच उणे एक असते, संकेतस्थळासाठी घातलेली मर्यादा तिला लागू होत नाही. म्हणून सेवेच्या आदेशातच २५६ एमबी वेगळे लिहावे लागले.

नव्या नोंदी ५००-५०० च्या गटांनी, प्रत्येक गट एका व्यवहारात (म्हणजे गट पूर्ण नोंदला जाईल किंवा मुळीच नाही), आधी एका तात्पुरत्या तक्त्यात जातात. जुळणीसाठी सर्व पुस्तके मेमरीत आणणे बंद केले. ते काम डेटाबेसवरच सोपवले आहे. चाचणीत या आयातीचे शिखर १०० एमबीच्या खाली राहिले आणि आखलेल्या रिकाम्या ओळींचा त्यावर जाणवेल असा परिणाम झाला नाही.

डेटाबेसच्या बाजूने बफर पूल १ जीबीवर आणला. पूलमधून भागलेल्या वाचनांचे आणि डिस्कवर जावे लागलेल्या वाचनांचे प्रमाण आधी व नंतर पाहिले. वाचकांच्या शोधांत फरक पडला नाही, कारण पूलचा मोठा भाग बॅकअपने ओढून आणलेल्या चित्रांनीच भरलेला असे. ओओएमच्या वेळी कर्नलने मारियाडीबीला शक्यतो टाळावे म्हणून त्याचा ओओएम गुणांक (तो जितका कमी तितका बळी जाण्याचा संभव कमी) उणे ६०० केला. हा गुणांक उणे १००० केला तर कर्नल त्या प्रक्रियेला कधीच हात लावत नाही, पण तसे करणे मला अविचाराचे वाटते. उद्या खरोखर डेटाबेसच फुगला तर त्याच्याऐवजी बाकीच्या सगळ्या सेवा एकेक करून मारल्या जातील. २ जीबीची स्वॅप फाइलही जोडली. स्वॅपने तुटवडा मिटत नाही, मात्र अचानक मरणाच्या जागी मंदपणा येतो आणि मंदपणा वेळीच लक्षात येतो. बॅकअपची वेळ खऱ्या रात्रीवर नेली आणि सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेवर आणले, जेणेकरून वही आणि लॉग एकच वेळ सांगतील.

मुखपृष्ठांची चित्रे डेटाबेसमधून काढून साध्या फाइलींत ठेवण्याचे काम अजून बाकी आहे. त्यासाठी बॅकअपची पद्धतही बदलावी लागेल, कारण मग डेटाबेसबरोबर चित्रांचा संचही वेगळा जपावा लागेल. घाईने ते करू नये असे कार्यकारिणीचे मत आहे आणि ते मला पटते.

दुहेरी नोंदी

तपासात एक जुने नुकसानही उघड झाले. फाइल लहान होती त्या काळातही ५०४ पाहून बटण दुसऱ्यांदा दाबले जात होते, फक्त तेव्हा दोन्ही आयाती मेमरीत मावत आणि दोन्ही पूर्ण होत. दोघींनी सुरुवातीलाच जुनी यादी वाचलेली असल्याने त्या आठवड्यातील नवी पुस्तके दोघींना नवीच वाटत आणि ती दोनदा नोंदली जात. त्या वेळी काहीच बंद पडले नाही, म्हणून कोणाला काही कळले नाही. दाखल क्रमांकावर अनन्यतेचे बंधन (एक क्रमांक एकदाच यावा असा नियम) घालायला गेलो तेव्हा डेटाबेसने ते नाकारले, आणि तेव्हाच या नोंदी दिसल्या.

दोन्ही नोंदी अक्षरशः सारख्या असतील तिथे एक काढणे सोपे होते. पण काही जोड्यांमध्ये दाखल क्रमांक एक आणि पुस्तके वेगळी निघाली. जुन्या वहीतच तो क्रमांक दोन पुस्तकांना पडलेला होता. अशा जोड्यांना कोडने हात लावायचा नाही, असे ठरवले. त्यांची छापील यादी ग्रंथपाल बाईंकडे आहे; त्या मूळ दाखल नोंदवही काढून, कपाटातले पुस्तक हातात घेऊन एकेक क्रमांक निश्चित करतात, आणि त्यांनी खूण केल्यावरच ती नोंद बदलली जाते. शेवटची जोडी निकाली निघाली की मुख्य तक्त्यावर अनन्यतेचे बंधन घातले जाईल. तोवर नव्या आयातीतला असा प्रत्येक क्रमांक तात्पुरत्या तक्त्यातच थांबवून बाईंच्या यादीत जोडला जातो.